उंबरठ्याची उंची

माझा थोरला भाऊ लझहर अर्ध्या शतकाने आपलं घर बघायला आला, तो सहलीच्या बसमधून. बरोबर बसभर फ्रेंच म्हातारे-म्हाताऱ्या, डोक्यावर पांढरी टोपी आणि छातीवर हरवू नये म्हणून चिकटवलेली पिवळी पट्टी. जिथे तो जन्मला, रांगला, शेळ्यांमागे धावला, तिथे तो हरवू नये म्हणून!

आठवड्याभरापूर्वी त्याचा मार्सेयहून फोन आला होता. "मन्नूबिया, आमच्या पेन्शनरांच्या मंडळाची सहल ट्युनिशियाला निघालीय. गुरुवारी दुपारी हेन्शीर लूझचे अवशेष दाखवणार आहेत. तू वर फाटकापाशी थांब, भेट होईल."

"फाटकापाशी कशाला? मी काय भिकारीण आहे? घर हाकेच्या अंतरावर आहे."

"तुला माहीत आहे," तो म्हणाला.

मला माहीत होतं. अवशेष बघायला समुद्र ओलांडून येणार, पण बहिणीच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. माझ्या जिभेवर शिव्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक लहानसा शब्द आला. तो मात्र मी गिळला. तो शब्द त्याला म्हणायचा नाही असं आईने मला बजावलं होतं, आणि आई मेली म्हणून तिचं बजावणं मरत नाही.

आम्ही हेन्शीर लूझमध्ये, जुन्या रोमन शहराच्या अवशेषांत, जन्मलो. आता तिथे फाटक आहे, पाटी आहे, पण तेव्हा ते आमचं गाव होतं. आमचं घर एका देवळाच्या कोपऱ्यात होतं. दोन भिंती रोमन लोकांनी बांधलेल्या, दोन माझ्या आजोबांनी. पावसाळ्यात गळायच्या त्या आजोबांच्या. अंगणातल्या संगमरवरी खांबाला शेळी बांधलेली असायची, आणि अंजिराच्या झाडाखाली आईची तबूना, भाकरीची मातीची भट्टी. घराचा उंबरठा म्हणजे दारभर लांबीची एक पांढरी लादी, वर मोठाली अक्षरं कोरलेली. ती कुणाची आणि काय म्हणतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही पोरांनी त्यांना आमची नावं ठेवली होती. वाटोळं अक्षर म्हणजे भाकरी, वळवळणारं म्हणजे साप, वर दोन टोकं असलेलं म्हणजे शेळीची शिंगं. एका टोकाला लादी तुटलेली होती, ती नेमकी भाकरीतून, म्हणून ती अर्धी भाकरी. उंबरठा चांगलाच उंच होता, पोराच्या गुडघ्याला लागेल एवढा. आई म्हणायची, विंचू आणि पाहुणा दोघांनाही जरा विचार करून आत यावं लागतं.

मग सरकारी साहेब आले आणि म्हणाले, या दगडांत माणसांनी राहायचं नाही. डोंगराच्या पायथ्याशी सिमेंटची नवी घरं बांधली, रांगेत, एकासारखं एक. अंगणात नळ. आमच्या बाबांनी, सालेहने, किल्ली घेतली. आईचं निम्मं आयुष्य विहिरीवर दोर ओढण्यात गेलं होतं, नळ बघून ती पण काही बोलली नाही. लझहर तेव्हा विशीचा होता आणि त्याचं डोकं कायम तापलेलं.

"घर विकलंत तुम्ही! एका नळासाठी!"

"तुला एवढं प्रेम असेल तर रहा इथे दगड चाटत," बाबा म्हणाले. तेही काही कमी नव्हते.

तेव्हा गावाच्या चौकात, सगळ्यांसमोर, लझहरने हात वर करून शपथ घेतली. "त्या नव्या घराचा उंबरठा ओलांडणं मला हराम!"

आमच्याकडे पुरुष हराम म्हणाला की संपलं. मशिदीतल्या इमामांनी नंतर सांगून पाहिलं, तीन दिवस रोजे ठेव, शपथ सुटेल, अल्ला क्षमाशील आहे. पण आमच्या डोंगरातल्या पुरुषाची शपथ धर्माला बांधलेली नसते, नाकाला बांधलेली असते. तो आठवड्याच्या आत मार्सेयच्या बोटीत बसला. तो गेल्यावर मजूर आले आणि त्यांनी आजोबांच्या भिंती पाडल्या, रोमन तेवढ्या ठेवल्या.

आता आईने काय केलं ते सांगते. मी तेव्हा लहान होते, पण मी तिथे होते, खरं तर त्याच्यावर बसले होते. सामान हलवायच्या दिवशी आईने आणि बाबांनी पहारीने उंबरठा उपसला, खेचराच्या गाडीवर घातला, त्यावर गाद्या टाकल्या आणि गाद्यांवर मला बसवलं. ज्या बाबांनी पोराला दगड चाटायला सांगितलं होतं, तेच बाबा घामाने निथळत तो दगड उचलत होते आणि अवाक्षर बोलत नव्हते. राखणदाराने विचारलं, गाडी एवढी का करकरते? आई म्हणाली, पोरगी जाड झालीय. मी आयुष्यभर काडीसारखी, पण त्या दिवशी मी तो अपमान निमूट गिळला.

खाली आल्यावर आईने नव्या घराची सिमेंटची पायरी फोडायला लावली आणि तिथे आपला जुना उंबरठा बसवला. अक्षरं खाली, पाठ वर, म्हणजे कुणा साहेबाची नजर पडू नये. उंची बरोबर पूर्वीएवढी ठेवली, स्वतःच्या गुडघ्याने मापून. शेजारणी आईला हसून म्हणाल्या, एवढा उंच उंबरठा कशाला ग दोजा?

"माझ्या पोराने नव्या घराच्या उंबरठ्याची शपथ घेतलीय," तिने रात्री बाबांना सांगितलं. "आता या घराला नवा उंबरठाच नाही. त्याने यावं खुशाल."

मग कळवलं का नाही म्हणाल. आईला लिहिता येत नव्हतं, आणि पोस्टमास्तरकडून चोरीच्या दगडाचं पत्र कोण लिहून घेईल? पण ते निमित्त झालं. लझहर दोन-चार वर्षांनी एकदा ट्युनिसपर्यंत यायचा, तेव्हा ती तिथे मावशीकडे जाऊन त्याला भेटायची, त्याच्यासाठी भाकऱ्या बांधून न्यायची. तेव्हाही ती बोलली नाही. मी तिला खूप बोलायची. ती म्हणायची, "बोलावून येतो तो पाहुणा. मला पाहुणा नकोय. त्याला 'ये' म्हणून कुणी सांगायचं नाही, तू तर नाहीच. एक दिवस तो विचारील, आपला उंबरठा कुठे गेला? ज्याला भांडण आठवतं तो शपथ धरून बसतो. ज्याला घर आठवतं तो उंबरठा विचारतो. विचारलं त्या दिवशी सांग."

लझहरने कधी विचारलं नाही. तो ऑलिव्हच्या पिकाचं विचारायचा, आईच्या गुडघ्यांचं विचारायचा, शेजारच्या पोरी कुणाला दिल्या ते विचारायचा. बाबा गेले. मग आई गेली, आणि आमच्याकडे मातीला उशीर करत नाहीत. मार्सेयहून माणूस निघेपर्यंत इकडे सगळं आटोपलेलं असतं. फोनवर तो बराच वेळ रडला आणि तेव्हाही त्याने उंबरठ्याचं विचारलं नाही. माझा नवरा गेला, मुलं ट्युनिसला स्थिरावली, आणि आईबाबांच्या त्या घरात मी एकटी उरले. ईदच्या आदल्या दिवशी आईसारखाच मी उंबरठा धुते आणि त्याला ऑलिव्हचं तेल लावते. जिद्द आईची, शपथ भावाची, आणि घर सांभाळायचं मी! कधी कधी वाटायचं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

तर गुरुवारी मी पहाटे उठून कुसकुसचं सगळं केलं. मटण, छोले, लाल भोपळा, जसं त्याला आवडतं तसं. तो येणार नाही हे माहीत होतं, तरी केलं. तबूनेत भाकरी लावली. बाहेर जाताना डोक्यावरून गुंडाळायची पांढरी चादर, माझा चांगला सफसारी, अंगाभोवती घेतला आणि डोंगर चढले. फाटकावर आमच्या शेजाऱ्याचा फौजी नावाचा मुलगा तिकिटं तपासायला असतो.

"खाला, तू आणि इकडे? तुला तिकीट नको, तू स्वतःच पुरातन आहेस."

"तुझ्या आईला सांगते थांब, मग तू पण पुरातन होशील," मी म्हणाले.

बस आली. एकेक टोपी उतरली. त्यांतली एक टोपी काठी टेकत माझ्यासमोर थांबली, आणि त्या टोपीखाली बाबांचं नाक होतं. आम्ही एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग मी डोळे पुसले आणि माझी जीभ परत आली.

"म्हातारा झालास रे."

"तू काय, लग्नाला निघालीयस?"

"मी निदान माझ्या पायांनी आले. तुला चिकटपट्टी लावून आणलंय, बाजारातल्या मेंढीसारखं."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा अजून मिटतो.

गाइड होता रमझी नावाचा, ट्युनिसचा तरतरीत पोरगा. त्याने सगळ्यांना सांगितलं की इथे दीड तास आहे, मग बस निघेल, रात्रीचं जेवण हॉटेलात. दीड तास. मी लझहरचा हात धरला आणि आम्ही घोळक्याच्या मागे चालू लागलो. दगडी रस्ता, त्यावर गाड्यांच्या चाकांच्या खाचा. रमझी सांगत होता, या रोमन रथांच्या खाचा. लझहर माझ्या कानाशी म्हणाला, "यातली ही खोल आहे ना, ही अम्मारच्या कोळशाच्या गाडीची."

प्रत्येक कोपऱ्यावर तो थांबायचा. इथे आपण साबण विकत घ्यायचो. इथे सुंता झाल्यावर मला बसवलं होतं. मी हो हो करत होते, आणि आतून घड्याळासारखं टिकटिकत होते. विचार, विचार एकदाचं. अंजिराचं झाड कुठे होतं? तिथे, त्या खांबामागे, खोदताना तोडलं. तबूना? ती बघ काळी माती. शेळीचा खांब? तो उभा केलाय परत, आता त्याला पाटी आहे. प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देत होते, आणि प्रत्येक प्रश्न चुकीचा होता.

देवळापाशी रमझीने सगळ्यांना एका मोठ्या लादीसमोर उभं केलं. "हा दारावरचा लेख. या टोकाला बघा, ओळ अक्षराच्या मधोमध तुटलीय. पुढचा भाग कधीच सापडला नाही. कदाचित चुन्याच्या भट्टीत जळला असेल. तो मिळाला तर हे देऊळ कुणी बांधलं ते कळेल."

फ्रेंच बायका हळहळल्या. मी पायाखालच्या मुंग्या बघू लागले. लझहर मात्र पुढे झाला, टोपी काढली आणि त्या तुटक्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"मन्ना, अर्धी भाकरी," तो म्हणाला. मग त्याने रमझीकडे वळून तोंड उघडलं, "अहो, हा दुसरा अर्धा तर आमच्या..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. सगळं वजन टाकून.

"आई ग! काय झालं तुला?"

"गप्प बस."

"अग पण तो..."

"गप्प बस म्हणते ना!"

रमझी म्हणाला, "काका, काही विचारायचं होतं?" लझहर माझ्याकडे बघत म्हणाला, नाही, बहिणीला ऊन लागलंय. घोळका नाट्यगृहाकडे वळला. तिथून पुढे बस. मला वाटलं, झालं, हा असाच जाणार. टोपी घालणार, बसमध्ये चढणार, आणि यानंतर आमच्यापैकी कुणीतरी एकजण दुसऱ्याच्या मातीला पोचणार नाही. आई, मी मनात म्हणाले, सोडव मला तुझ्या शब्दातून. माझ्याच्याने होत नाही आता.

लझहर घोळक्याबरोबर गेला नाही. तो देवळाच्या कोपऱ्याकडे निघाला. तिथे दोन रोमन भिंती उभ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये गवत. आजोबांच्या भिंतींचा मागमूस नाही. पण तो नेमका दाराच्या जागेकडे चालला, डावीकडे थोडं वळून, जसं पूर्वी खांब चुकवायला वळावं लागे. आणि दाराच्या जागी आल्यावर त्याने पाय उचलला. उंच, गुडघ्याएवढा. तिथे काहीच नव्हतं. पाय रिकाम्या हवेतून खाली आला, धाडकन, काठी निसटली आणि तो दोन्ही हातांवर गवतात पडला.

मी धावले. त्याला लागलं नव्हतं फारसं. तो तसाच बसून राहिला, तळवे जमिनीवर टेकलेले. त्याने हाताने चाचपलं, इकडे, तिकडे, दार होतं तेवढ्या रुंदीत. मग त्याने वर माझ्याकडे बघितलं. तो चेहरा म्हाताऱ्याचा नव्हता.

"मन्ना, आपला उंबरठा कुठे गेला?"

मी त्याच्या शेजारी गवतात बसले.

"घरी आहे," मी म्हणाले.

"कुठल्या घरी?"

"आपल्या. आईने नेला. तू बोटीत बसलास त्याच आठवड्यात. गाद्यांखाली घालून, वर मला बसवून. नव्या घराला नवा उंबरठा राहिलाच नाही दादा. तुझी शपथ पहिल्या दिवसापासून रिकामी आहे."

त्याला समजायला वेळ लागला. मग एकदम तो ओरडला, "मग सांगितलं का नाही? ट्युनिसला माझ्यासमोर बसून भाकरी मोडायची ती! एका शब्दाने सांगितलं असतं!"

"तू विचारायचं होतंस. एका शब्दाने विचारलं असतंस."

"मी कशाला विचारू? मला वाटलं, त्यांनी फोडला असेल. मला ऐकायचंच नव्हतं ते!"

"तिलाही वाटायचं, तू विसरलास."

तो रडला. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. मीही रडले, आणि रडता रडता मला दोघांचा इतका राग आला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. वरून रमझी हाका मारत आला, काका, बस निघतेय! लझहरने छातीवरची पिवळी पट्टी सोलून काढली आणि त्याच्या हातात दिली. "माझी बॅग फाटकावर ठेव, बाळ. मी हरवलो नाहीये."

आम्ही शेळ्यांच्या जुन्या वाटेने उतरलो. बसने घाटात वळण घेतलं तेव्हा लझहरने मागे वळूनही बघितलं नाही.

घराशी आल्यावर मी आधी आत गेले, चूल बघायची म्हणून. खरं म्हणजे मला त्याच्या शेजारी उभं राहवेना. तो दाराबाहेर थांबला. उंबरठ्याची वरची बाजू खडबडीत, अनोळखी. तो काठी टेकून कष्टाने खाली बसला, आणि अंगणातलं पाणी जायला जिथे आईने लादीखाली फट ठेवलीय तिथे त्याने बोटं घातली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. बोटं आत चाचपत गेली. साप. शिंगं. मग ती थांबली, आणि अर्ध्या गोलावरून सावकाश फिरली.

तो उठला. आमच्याकडे पुरुष घरात पाय टाकण्याआधी बाहेरून हाक देतो, आत बायामाणसं असतात म्हणून, आणि आतून बाईमाणसाने उत्तर दिल्याशिवाय तो येत नाही. लहानपणी शेळ्या आणल्यावर तो रोज द्यायचा तशीच हाक त्याने दिली. नाव माझं घेतलं नाही.

"आई, आहेस का घरात?"

कुसकुसच्या भांड्यातून वाफ येत होती. त्याचा पाय उचललेला होता, बरोबर त्या उंचीवर, आणि हवेत थांबला होता. उत्तर देणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. आयुष्यभर गिळलेला तो लहानसा शब्द माझ्या तोंडात आला, आणि आता त्याने स्वतःच हाक दिली होती.

"ये," मी म्हणाले.